दगड कुजतो का? (विहिरीत सापडलेले 'कांदे')

अनवाणी

मंडळी, गावी (पुरंदर तालुका) विहीर खणायला घेतली आहे. तीन आठवडे झाले, यारी लागलीये, मी शनिवार-रविवार काठावर बसून चहा पितो आणि खर्च मोजतो. पण एक गोष्ट बघितली आणि डोक्यातून जाईना, म्हणून धागा.

वर दीड-दोन फूट काळी माती. तिच्या बुडाशी हरभऱ्याएवढे पांढरे खडे, आमच्याकडे चुनखडी म्हणतात. मग पाच-सहा फूट मुरूम, टिकाव मारला की भसाभस निघणारा. त्याच्याखाली मांजऱ्या, म्हणजे मुरमापेक्षा घट्ट पण पहारीने निघणारा मऊ खडक. आणि त्या मांजऱ्यात बसवल्यासारखे गोळे! फुटबॉलएवढे, काही कलिंगडाएवढे. एक वर मागवून घेतला आणि हातोडीने हळूच ठोकला. बिस्किटाएवढ्या जाडीचा पापुद्रा सुटून पडला. पिवळट तपकिरी, बोटांत चुरला की रवा. त्याच्या आत दुसरा, जरा घट्ट. मग तिसरा. मी सात मोजले. शेवटी हातात उरला क्रिकेटच्या चेंडूएवढा काळाकुट्ट दगड, आणि त्याच्यावर हातोडी मारली तर टण्ण! हात झिणझिणला. म्हणजे हुबेहूब कांदा, फक्त आतला कोंब लोखंडाचा.

यारीवाले नाना (वय सत्तरीच्या आसपास, शे-दोनशे विहिरी पाहिलेला माणूस) वरून बघत होते. म्हणाले, "दगुड कुजलाय हितं. सुरुंग लावू नका, दारू वाया जाईल. पहारीनंच निघंल."

आता लाकूड कुजतं, आंबा कुजतो, हे कळतं. दगड कुजतो म्हणजे काय? आणि कुजवतं कोण? मुलगी नववीत आहे, ती म्हणाली, "बाबा, ह्याला अपपर्णन म्हणतात, दोन मार्कांना येतं." पुढे विचारलं तर गप्प.

वरणभात

नानावाक्यं प्रमाणम्. खुर्ची टाकून बसलोय.

भूगोलाची_वही

सोपं आहे की. आपला खडक दिवसा उन्हाने तापतो, प्रसरण पावतो. रात्री गार होतो, आकुंचन पावतो. वरचा थर आतल्यापेक्षा जास्त तापतो म्हणून सुटतो. असं हजारो वर्षं झालं की पापुद्रे निघतात. त्यालाच अपपर्णन म्हणतात. तुमच्या मुलीला पूर्ण मार्क द्या.

सातबारा

वहीताई, मुलीला मार्क देऊ या, पण उत्तर ह्या कांद्याला लागू पडत नाही. अनवाणींचे गोळे दहा-बारा फूट खाली आहेत. तिथे ऊन कुठलं? त्या खोलीवर दिवस-रात्रीचा फरक पोचतच नाही.

उन्हाच्या बाबतीतला एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेत ग्रिग्ज नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९३६ साली ग्रॅनाइटचा घासून चकचकीत केलेला तुकडा घेतला आणि तो तापव, गार कर, तापव, गार कर, असं ८९,४०० वेळा केलं. म्हणजे साधारण २४४ वर्षांचे दिवस आणि रात्री. दगडाला ढिम्म काही झालं नाही. मग गार करताना वाऱ्याऐवजी पाणी मारलं, तर थोड्याच दिवसांत पृष्ठभाग निस्तेज व्हायला लागला. पुढे ह्या प्रयोगावर आक्षेपही आले: तुकडा लहान होता, चारी बाजूंनी मोकळा होता, डोंगरातला खडक असा मोकळा नसतो. ते बरोबरच आहे. पण पाण्याशिवाय नुसतं ऊन फार काही करत नाही हा मुद्दा टिकला.

मी आयुष्यभर माती तपासली (आता निवृत्त), म्हणून कांद्याचं जमेल तसं सांगतो.

लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात, उभ्या आणि आडव्या. खडकाचे ठोकळे होतात. पाणी शिरतं ते ह्या भेगांतून. आता ठोकळ्याचा विचार करा. सपाट बाजूवर हल्ला एकाच दिशेने होतो. कडेवर दोन दिशांनी. कोपऱ्यावर तीन. म्हणून कोपरे आधी खलास, मग कडा. ठोकळ्याचा गोळा होतो. मिठाच्या खड्याचा पाण्यात होतो तसाच. नदीतला गोटा गोल असतो तो घासून, तुमचा गोळा जागच्या जागी, कुठेही न हलता गोल झालाय.

आता कुजणं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, त्यामुळे मुळातच किंचित आंबट असतं, सामू (pH) साधारण ५.६. ते मातीतून खाली उतरताना आणखी आंबट होतं. आपल्या काळ्या दगडात (बेसॉल्टमध्ये) मुख्यतः दोन खनिजं: प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पारचा एक प्रकार) आणि पायरॉक्सीन. जोडीला कुठे कुठे ऑलिव्हिन. हे आम्लपाणी प्लॅजिओक्लेजमधलं कॅल्शियम आणि सोडियम काढून नेतं, थोडी सिलिका नेतं, आणि जे राहतं त्याची नव्याने मांडणी होऊन चिकणमाती बनते. पायरॉक्सीनमधलं लोखंड बाहेर पडून गंजतं, तो तुमचा पिवळट तपकिरी रंग. नववीच्या पुस्तकात ह्याला 'भस्मीकरण' असा होमहवनासारखा शब्द आहे.

गंजलेलं खनिज जास्त जागा मागतं. मोरीतल्या लोखंडी सळईवरचं प्लास्टर फुगून कसं सुटतं? तसाच गोळ्याचा बाहेरचा थर फुगतो आणि आतल्या घट्ट दगडापासून सुटतो. त्या फटीतून पाणी आत, पुढचा थर. तुमचे सात पापुद्रे हे असे सात हप्ते आहेत.

आणि हो, काळ्या मातीच्या बुडाशी मिळालेले पांढरे खडे म्हणजे त्याच दगडातून निघालेलं कॅल्शियम. पाऊस कमी, पाणी खालपर्यंत धुऊन नेत नाही, वाटेतच सुकतं आणि चुना टाकून जातं. लिंबू पिळून बघा, फसफसेल. काळ्या दगडावर पिळा, काही होणार नाही.

अनवाणी

सातबारा काका, दंडवत. लिंबू पिळलं, फसफसलं. घरातल्यांनी वेड्यात काढलं ते वेगळंच.

पण मग नाना 'कुजलाय' म्हणतात ते चूकच ना? कुजायला जीव लागतो. हे तर सगळं रसायन झालं.

बुरशीबाई

नाना चूक नाहीत! मी कधीची वाट बघत होते ह्या प्रश्नाची. (पोटापाण्यासाठी मातीतल्या जिवाणूंवर काम करते, त्यामुळे पक्षपाती आहे, आधीच सांगते.)

सातबारा काका एक वाक्य पटकन बोलून पुढे गेले: "मातीतून खाली उतरताना आणखी आंबट होतं." का होतं? कारण मातीच्या आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असतो. तो कुठून आला? मुळांच्या श्वासातून आणि कोट्यवधी जिवाणू-बुरश्यांच्या श्वासातून. म्हणजे तुमचं 'निव्वळ रसायन' ज्या आम्लावर चालतं ते आम्लच सजीवांच्या कारखान्यातलं आहे.

ही झाली अप्रत्यक्ष मदत. आता थेट खाणं.

दगडावर राखाडी-हिरवट चट्टे असतात ना, दगडफूल? ती एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल ह्यांचा संसार आहे. शैवालाने उन्हावर स्वयंपाक करायचा, बुरशीने घर बांधायचं आणि पाणी धरायचं. ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते. अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो, ते कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे. दगडफुलाखाली दगड आणि बुरशी भेटतात तिथेही हेच कॅल्शियम ऑक्झॅलेट सापडतं. कॅल्शियम दगडातलं, ऑक्झॅलेट बुरशीचं. शिवाय तिचे धागे दगडाच्या बारीक फटीत काही मिलिमीटर आत जातात, ओले झाले की फुगतात, सुकले की आकसतात, आणि कण सुटे करतात.

जिवाणूंची तऱ्हा आणखी भारी. प्रत्येक जिवाला लोखंड हवं. पण हवेत गंजलेलं लोखंड पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणजे भरल्या ताटासमोर उपाशी. मग जिवाणू छोटे रेणू तयार करून बाहेर सोडतात, सिडेरोफोर. ते चिमट्यासारखं लोखंड पकडतात, आणि जिवाणू तो चिमटा लोखंडासकट परत आत ओढतो. आता गंमत: थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्याने अंगात लोह साठतं. ते काढायला डेफेरॉक्सामीन नावाचं औषध वापरलं जातं. ते मूळचं मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचं सिडेरोफोर आहे. दगडातून लोखंड उपसायचा चिमटा माणसाच्या शरीरातून लोखंड उपसायला कामी आला.

आणि पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, त्यातला जिओस्मिन हाही ह्याच स्ट्रेप्टोमायसिस मंडळींचा उद्योग.

वरणभात

अळूचं फदफदं आणि दगड एकाच प्रतिसादात. हे संस्थळ मी ह्याचसाठी वाचतो.

तर्कट

बुरशीबाई, लिहिता छान, पण थोडं थांबा. दगडफूल पृष्ठभागावर असतं. विहिरीतला गोळा बारा फूट खाली आहे. तिथे शैवालाला ऊन नाही, बुरशीला अन्न नाही. तुम्ही वरच्या मजल्यावरचा चोर खालच्या मजल्यावरच्या चोरीसाठी पकडताय. आजकाल कशातही सूक्ष्मजीव घुसवायची फॅशन आहे. पोट बिघडलं, सूक्ष्मजीव. मूड बिघडला, सूक्ष्मजीव. आता दगड बिघडला, तरी तेच!

साध्या आम्लपाण्यात फेल्डस्पार विरघळतो हे प्रयोगशाळेत एकही जिवाणू न वापरता दिसतं. मग जिवाणूंची गरजच काय?

सातबारा

तर्कट, रोख बरोबर आहे, पण एक भर घालतो. प्रयोगशाळेत खनिज जितक्या वेगाने विरघळतं त्याच्या शेकडो, कधी हजारो पटींनी हळू ते रानात विरघळतं. ह्यावर लोक कित्येक वर्षं डोकं फोडताहेत. प्रयोगशाळेत ताजी भुकटी आणि ताजं पाणी असतं. रानात खनिजावर जुनी साय चढलेली असते आणि पाणी आधीच विरघळलेल्या क्षारांनी भरलेलं असतं. तेव्हा 'प्रयोगशाळेत होतं' हा पुरावा दोन्ही पक्षांनी जपून वापरावा.

बुरशीबाई

काका, मान्य. तर्कट, चोराचा मुद्दा आवडला, तर खालच्या मजल्यावरच जाऊ या.

पोर्टो रिको बेटावर लुकिओ नावाचे डोंगर आहेत. पाऊस भरपूर, खडक आपल्यासारखा बेसॉल्ट नाही, ग्रॅनाइटच्या कुळातला. पण तिथेही अनवाणींसारखेच गोळे आहेत, मध्ये टणक गाभा आणि भोवती पापुद्रे. त्यांच्या वर कित्येक मीटर कुजलेला खडक. तिथे संशोधकांनी वरून खाली नमुने घेतले. अपेक्षा काय? खाली जाऊ तसे जिवाणू कमी होत जाणार, कारण पालापाचोळ्याचं अन्न संपतं. तसे ते झालेही. पण अगदी तळाशी, जिथे कुजका खडक संपून ताजा दगड सुरू होतो, तिथे संख्या पुन्हा वाढली. लोखंडावर जगणारे जिवाणू तिथे होते.

लोखंडावर जगणारे म्हणजे काय? ताज्या खडकातलं लोखंड अर्धवट गंजलेलं, म्हणजे अजून एक इलेक्ट्रॉन देऊ शकणारं असतं. हे जिवाणू तो इलेक्ट्रॉन काढून प्राणवायूला देतात आणि मधल्यामध्ये आपली ऊर्जा कमावतात. ना ऊन, ना पालापाचोळा. गंज चढवणं हाच त्यांचा जेवणाचा डबा. ही कल्पना नवी नाही, विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडली: काही जीव निव्वळ खनिज पदार्थांवर जगू शकतात.

आता काकांचं वाक्य पुन्हा वाचा: लोखंड गंजतं, फुगतं, पापुद्रा सुटतो. तो गंज चढवायला हवा एकटी पुरेशी आहे. पण तिथे एक भुकेलेला मदतनीस बसलेला असेल तर?

अनवाणींच्या विहिरीत तो आहे असं मी म्हणत नाही. तपासलं नाही तर म्हणणार कसं.

तर्कट

ठीक. 'आहे असं म्हणत नाही' हे लिहिलंत म्हणून एक गुण वाढवला. पण इतक्या खोलीचा नमुना वर काढताना हात लागला, ड्रिलचं पाणी लागलं, की झाले तुमचे 'खोलवरचे' जिवाणू. हा घोळ कसा टाळतात?

बुरशीबाई

ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दांड्याचा बाहेरचा भाग तासून टाकतात आणि आतलाच वापरतात. ड्रिलच्या पाण्यातल्या जिवाणूंची यादी वेगळी करून ती वजा करतात. तरी शंका राहते, म्हणूनच असे शोधनिबंध कंटाळवाणे असतात. :)

घरचंच उदाहरण देते. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला तिथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा १.२ किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट, त्याच्याखाली एकदम प्राचीन ग्रॅनाइट-नाइस. भोक भूकंपासाठी होतं, पण त्या खडकांचे नमुने सूक्ष्मजीवांसाठीही तपासले गेले, आयआयटी खरगपूरच्या गटाने ते काम केलं. आणि बेसॉल्टखालच्या त्या ग्रॅनाइटमध्येही जिवाणू मिळाले. बारा फूट म्हणजे त्या मानाने ओसरी.

चिरेखाण

उशिरा आलो, घाट उतरून यायला वेळ लागतो. राजापूरकडचा आहे. तुम्ही देशावरची मंडळी कांद्यावर भांडताय, आमच्याकडे अख्खा डोंगर कुजून त्याचा जांभा झालाय आणि आम्ही तो कापून घरं बांधतो.

सातबारा काका, खडक तोच ना? तुमच्याकडे काळी माती आणि आमच्याकडे लाल जांभा, हे कसं?

शिवाय एक अनुभव. आमच्या परसातल्या झऱ्याच्या डबक्यावर पावसाळ्यानंतर तेलाचा तवंग यायचा, इंद्रधनुष्यासारखा. खाली नारिंगी बुळबुळीत गाळ. भावाने ठरवलं की पंपाचं ऑइल गळतंय. मेकॅनिक आला, पंप उघडला, सील बदललं, बाराशे रुपये घेतले. तवंग तसाच. दुसरा मेकॅनिक म्हणाला, पंपच बदला.

बुरशीबाई

चिरेखाण, पंप बदलला नसेल तर बदलू नका!!! तवंगात काडी घाला. तेल असेल तर फिरून जुळतं. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे तरंगत राहिले तर तो लोहजिवाणूंचा कारभार. नारिंगी गाळ म्हणजे त्यांनी चढवलेला गंज. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पीळ दिलेले दोर दिसतात, वेणीसारखे. गॅलिओनेला हे त्यातलं नावाजलेलं नाव, १८३०च्या दशकातच एरेनबर्गने वर्णन केलेलं. घातक नाहीत, पण पाईप तुंबवतात आणि पाण्याला लोखंडी चव आणतात.

चिरेखाण

काडी घातली. तुकडे झाले! भावाला फोन करून बाराशे रुपयांची आठवण करून दिली. त्याने फोन ठेवला.

सातबारा

आता जांभ्याचं. हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे लांबेल.

खडक एकच, पाऊस वेगळा. अनवाणींच्या पुरंदरात पाचशे-सहाशे मिलिमीटर, रत्नागिरीत तीन हजाराच्या वर. कमी पावसात दगडातून निघालेले क्षार पूर्ण धुतले जात नाहीत. कॅल्शियम, मॅग्नेशियम आसपासच राहतात, सिलिकाही बरीच राहते. त्यातून माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती होते. तिचे पत्रे एकावर एक रचलेले आणि मधल्या फटीत पाणी शिरतं. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पावसात पुन्हा मिटतात. म्हणजे रान स्वतःलाच नांगरत असतं. आणि अशा रानावर बांधलेल्या घराच्या भिंती का तडकतात, हेही त्यातच आलं.

कोकणात उलटं. तीन हजार मिलिमीटर पाणी वर्षानुवर्षं खडकातून गाळून जातं. कॅल्शियम गेलं, सोडियम गेलं, मॅग्नेशियम गेलं, शेवटी सिलिकाही गेली. राहिलं काय? जे पाण्याला दाद देत नाही ते: लोखंड आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. लोखंड जास्त उरलं की जांभा. ॲल्युमिनियम जास्त उरलं की बॉक्साइट, कोल्हापूर-रत्नागिरीच्या पठारांवर आहे तो. पंचगणीचं टेबललँड, कासचं पठार, हीही अशीच जांभ्याची टोपी घातलेली डोकी. म्हणजे देशावरची काळी माती हा अर्धवट कुजलेला खडक आणि जांभा हा कुजून कुजून उरलेला सांगाडा.

इंग्रजीतलं नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकानन ह्याने केरळात अंगडिपुरमला हा दगड पाहून दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. कारण लोक तो ओला असताना विटेसारखा कापत होते आणि हवा लागली की तो घट्ट होत होता.

चिरेखाण

हे अगदी खरं. खाणीतून ताजा काढलेला चिरा तासायला सोपा, दोन उन्हाळे खाल्ले की पोलाद. आजोबा चिरे काढून वर्षभर रचून ठेवायचे, मगच भिंतीला.

आणि आमचा सडा (जांभ्याचं उघडं पठार) उन्हाळ्यात काळा असतो, पण जांभा फोडला तर आत लाल. कातळशिल्पं बघायला येणारे विचारतात की वर डांबर ओतलंय का. तो काळा थर काय?

बुरशीबाई

बराचसा सायनोबॅक्टेरिया, पूर्वी ज्यांना निळंहिरवं शेवाळ म्हणत. उन्हाळाभर सुकून काळे पडून राहतात, पहिल्या सरीला काही तासांत जागे होतात. पावसाळ्यात सडा हिरवट आणि घसरडा होतो तो ह्यांच्यामुळे. कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत २०२२ पासून, त्यामुळे ह्या थराचं काय करायचं हा आता नुसता कुतूहलाचा प्रश्न नाही. खरवडायची घाई करू नये असं माझं मत.

कारण (तर्कट, हे तुमच्या बाजूचं लिहितेय) दगडफूल आणि हे थर नेहमी नुकसानच करतात असं नाही. काही ठिकाणी ते दगडावर पांघरुणासारखं काम करतात, थेंबांचा मारा आणि वारा अडवतात. खरवडलं की खालचा सैल झालेला दगडही जातो.

गोडा_मसाला

मला एकच विचारायचंय. आमच्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेच का? म्हणजे आम्ही दगड खाणारं खातो?

बुरशीबाई

तेच कूळ. मात्र बाजारात येणारं दगडफूल पुष्कळदा झाडांच्या सालीवरून गोळा केलेलं असतं, नाव दगडाचं असलं तरी. मसाला बिनघोर करा.

गडवाट

बुरशीबाईंच्या खरवडण्याच्या मुद्द्याला जोड. आमच्या भागातल्या एका जुन्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. 'दगड स्वच्छ दिसला पाहिजे' म्हणून ठेकेदाराने ॲसिड मारलं. दगडात पांढरे ठिपके होते ते काही ठिकाणी विरघळून गेले आणि खांबांना देवी आल्यासारखे खड्डे पडले. सातआठशे वर्षांत पावसाने जे केलं नाही ते एका दुपारी झालं.

अजून एक विचारतो. मुरूडसमोरचा पद्मदुर्ग पाहिलाय? तटाचे दगड झिजून खोल गेलेत आणि मधला चुना तसाच उभा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. सगळे गाईड सांगतात, 'बघा, शिवकाळातला चुना दगडापेक्षा पक्का!' खरंच?

सातबारा

ठिपक्यांचं आधी: लाव्ह्यातल्या वाफेच्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजं भरतात. कॅल्साइट म्हणजे चुनाच, ॲसिडला क्षणभर टिकत नाही. पुढच्या वेळी विश्वस्तांना आधी अनवाणींच्या चुनखडीवर लिंबू पिळून दाखवा.

पद्मदुर्ग मीही पाहिलाय. चुना उत्तम होता ह्यात वाद नाही. पण तिथला खरा गुन्हेगार मीठ. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, ऊन पडलं की पाणी उडतं आणि मिठाचे स्फटिक आतच वाढतात. ते वाढताना छिद्राच्या भिंती रेटतात. भरती-ओहोटी रोज, त्यामुळे हे रोज. चुन्याची छिद्रं वेगळी, त्याचा स्वभाव वेगळा, म्हणून तो मागे राहिला. चुना किती पक्का होता यापेक्षा मिठाला दगड किती सोपा गेला, असं मी म्हणेन. इथे जिवाणू दुय्यम. बाई रागावू नका.

बुरशीबाई

नाही रागावत. मिठापुढे माझंही काही चालत नाही, रक्तदाब आहे.

कोरडवाहू

शेतकरी आहे, कामाचं विचारतो. दगड कुजून माती होते आणि त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं, तर क्रशरवर डस्टचे ढीग पडलेत, ते रानात टाकू का? मोबाईलवर व्हिडिओ येतात की ह्यानं हवेतला कार्बन कमी होतो आणि पैसेपण मिळतात.

सातबारा

व्हिडिओत तथ्य आहे, घाई मात्र करू नका.

तत्त्व बरोबर: दगड कुजताना पाण्यातलं कार्बनी आम्ल खर्ची पडतं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळलेल्या रूपात अडकून शेवटी समुद्रात जातो. बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर कुजतो म्हणून त्याची भुकटी निवडतात. इंग्लंडात आणि अमेरिकेत शेतांवर प्रयोग झालेत. भारतात भातशेतकऱ्यांसोबत हे काम करणाऱ्या माटी कार्बनला २०२५ साली ५ कोटी डॉलरचं एक्सप्राइझ नावाचं बक्षीस मिळालं.

पण तुमचं रान कुठलं? काळं, चुनखडीचं असेल तर ते आधीच अल्कधर्मी आणि कॅल्शियमने भरलेलं. तिथे डस्ट म्हणजे समुद्रात बादली. कोकणातली आम्लधर्मी लाल माती असेल तर अर्थ आहे. टाकण्याआधी मातीचा सामू तपासा, डस्टमधलं निकेल-क्रोमियम तपासा. आणि पसरताना तोंडाला मास्क बांधा, बारीक डस्ट फुप्फुसात बसते. पैसे देतो म्हणून फोन करणाऱ्याला मोजणी कशी करणार ते विचारा. खरी मेख मोजणीतच आहे.

कोरडवाहू

रान काळंच. राहिलं मग. ट्रॉलीचं डिझेल वाचवलंत.

अनवाणी

मंडळी, ताजी खबर. पाणी लागलं!

पण ते सांगण्याआधी वेगळंच. मांजऱ्या अठरा फुटांवर संपला, मग सलग काळा पाषाण. सुरुंग लावावे लागले, खिसा हलका झाला. नाना म्हणाले आता खालपर्यंत हाच. आणि परवा चौतीस फुटांवर एकदम लाल पट्टा निघाला. गेरूसारखा, हातभर जाडीचा, बोटाने उकरला की निघतो. वर सोळा फूट अखंड काळा दगड आणि त्याच्याखाली माती! नानांनी ढेकूळ हातात घेतलं, हुंगलं, म्हणाले, "ह्यो बी कुजकाच. पण ह्यो आधीचा."

आधीचा म्हणजे?

सातबारा

नानांना माझा नमस्कार सांगा. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे कळायला एक सत्र लागतं.

दख्खनचा लाव्हा एकदम नाही आला. एक थर आला, थंड झाला, मग विश्रांती. त्या काळात वरचा पृष्ठभाग पावसापाण्यात कुजला, त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा त्याच्यावर पसरला आणि ती माती विटेसारखी भाजली गेली. तो तुमचा लाल पट्टा. घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतीत काळ्या थरांमध्ये लाल रेघा दिसतात त्या ह्याच. वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे, डायनोसॉर संपले त्या सुमाराचं.

एक कामाचं: हा गेरू पाणी लागलं की फुगतो आणि ढासळतो. चौतीस फुटांवर तेवढ्या पट्ट्याला कडं बांधून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत वरचा पाषाण लोंबकळत राहील.

तर्कट

म्हणजे तेव्हाही दगड कुजवणारे जिवाणू होतेच, असं बुरशीबाई आता म्हणणार.

बुरशीबाई

होतेच! जिवाणू तेव्हाही अब्जावधी वर्षांचे जुने होते. पण वरून लाव्हा ओतल्यावर त्यांचा पुरावा काय उरला असेल, ते भाजलेल्या मडक्यात कालच्या भाताची शितं शोधण्यासारखं आहे. अनवाणी, त्या पट्ट्याचं एक ढेकूळ स्वच्छ पिशवीत घालून ठेवाल का? हात न लावता. आणि एक ताज्या पापुद्र्याचं, गाभ्याला चिकटलेलं. पोस्टेज मी देते.

अनवाणी

ढेकळं ठेवली आहेत, फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. बायको अजून बोलत नाहीये.

पाणी त्या लाल पट्ट्याच्या वरच्या सांध्यातूनच पाझरतंय, अंगठ्याएवढी धार. कडं बांधायचं नानांना सांगितलं, तर म्हणाले ते त्यांनी पहिल्या दिवशीच धरलं होतं, अंदाजपत्रकात शेवटची ओळ वाचा. वाचली. आहे.

धागा त्यांना वाचून दाखवला. जिवाणूंचं ऐकून घेतलं, तंबाखू मळत बसले होते. मग विचारलं, "त्या बाईंना इचारा, गंज खाणारं काय असंल तर यारीच्या तारेच्या दोराला लागतं का? नवा दोर आठ हजाराला झालाय."

बुरशीबाई

तार सुकी ठेवा, ग्रीस लावा. बाकी उत्तर सविस्तर देते, नानांना म्हणावं थोडं थांबा.